एका पात्राला दोन क्लास द्यावेत का?

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाचा नवा गट जमला, की पहिल्या काही बैठकांतच एखादा खेळाडू विचारतो, की आपल्या योद्ध्याला थोडी जादूही शिकता येईल का, आणि गटाचा सूत्रधार, ज्याला डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात डन्जन मास्टर किंवा थोडक्यात डीएम म्हणतात, तो अडखळतो. कोणी सांगतो, की दोन क्लास दिल्याने खेळ बिघडतो. कोणी सांगतो, की त्याशिवाय पात्राला रंगच चढत नाही. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात, फक्त ते पुष्कळदा एकाच खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांविषयी बोलत असतात. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, जेथे वसतिगृहाच्या खोलीत किंवा सुटीत गावी आलेल्या मित्रांत जेमतेम तीन-चार खेळाडू जमतात, नियमपुस्तक एखाद्याकडेच असते आणि इंटरनेट हाताशी असेलच याची खात्री नसते, तेथे हा गोंधळ अधिक जाणवतो.

ज्या वाचकांना आजच बैठकीला बसायचे आहे, त्यांच्यासाठी उत्तर असे आहे. गट नवखा असेल तर पाचव्या लेव्हलपर्यंत मल्टिक्लास देऊ नये. खेळाडू दोन किंवा तीनच असतील तर द्यावा. अनुभवी गटात तो नाकारायचा असल्यास डीएमला कारण सांगता आले पाहिजे. पात्र अतिबलवान होईल ही डीएमची नेहमीची भीती असते, परंतु विचार न करता जोडलेली बहुतेक मल्टिक्लास पात्रे दुबळी निघतात आणि त्याचा फटका त्या खेळाडूलाच बसतो. म्हणून खेळाडूला अडवण्यापूर्वी त्याला काय गमवावे लागेल हे त्याच्यासमोर कागदावर मांडणे, हे डीएमचे पहिले काम आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घ्यावेत

क्लास म्हणजे पात्राला कोणत्या क्षमता कोणत्या क्रमाने मिळतील हे ठरवणारा नियमांचा संच. फायटर शस्त्रांत निष्णात असतो, विझार्ड पोथीतून मंत्र शिकतो, क्लेरिकला दैवी शक्ती मिळते, रोग हा चोरपावलांचा आणि अचूक घावाचा क्लास आहे. लेव्हल म्हणजे त्या वाटेवर पात्र किती पुढे गेले याचा आकडा, जो १ ते २० असा वाढतो. पात्राने वर चढताना पुढची लेव्हल आपल्या क्लासमध्ये न घेता दुसऱ्याच क्लासमध्ये घेतली, की ते मल्टिक्लास होते. तीन लेव्हल फायटरच्या आणि दोन विझार्डच्या घेतलेले पात्र एकूण पाचव्या लेव्हलचे धरले जाते. दुसऱ्या क्लासच्या एक-दोनच लेव्हल घेऊन तेथील एखादी मोक्याची क्षमता उचलण्याला खेळाडू डिप म्हणतात.

क्लास हा पात्राचा व्यवसाय नसतो, आणि एवढे ध्यानात आले तरी निम्मे प्रश्न गळून पडतात. झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतरच्या हंगामात रात्र-रात्र उभा राहणारा नट पावसाळ्यात आपल्या बांधीत धानाची रोवणी करताना दिसू शकतो, पण खेळात त्याचे पात्र करायचे झाल्यास दोन क्लास लागत नाहीत. गाणे, अभिनय आणि समोरच्यावर छाप पाडणे यांसाठी बार्ड हा एक क्लास पुरतो, आणि शेती ही त्याची बॅकग्राउंड, म्हणजे साहसाला निघण्यापूर्वीचे आयुष्य, म्हणून नोंदवता येते. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुक या मुख्य नियमपुस्तकात तर शेतकरी ही बॅकग्राउंड तयारच दिलेली आहे. खेळाडू जेव्हा ‘माझा पहारेकरी जडीबुटीही जाणतो’ असे म्हणतो, तेव्हा त्याला नियमांतील नवी क्षमता हवी आहे की पात्राच्या चरित्रातील एक ओळ हवी आहे, हे आपण आधी विचारून घ्यावे.

आपल्या टेबलावर कोणती आवृत्ती आहे, ते पाहावे

मल्टिक्लास हे नाव कायम राहिले तरी त्यामागचा नियम प्रत्येक पिढीत बदलला, आणि जुन्या खेळाडूचा सल्ला नव्या पुस्तकाला लावल्याने चुकीचे निर्णय होतात. निर्णयापुरती माहिती अशी:

- १९७८ च्या अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एल्फ, ड्वार्फ अशा मानवेतर वंशांनाच एकाच वेळी दोन-तीन क्लास चालवता येत आणि मिळालेले अनुभवगुण त्यांत वाटले जात. मानवी पात्राला मात्र जुना क्लास थांबवून नवा धरावा लागे, आणि त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात (गुण म्हणजे शक्ती, बुद्धी यांसारख्या क्षमतेचा आकडा) १५ व नव्याच्या मुख्य गुणात १७ असे अवघड आकडे लागत.
- २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक लेव्हलला क्लास बदलण्याची मोकळीक दिली. मल्टिक्लास म्हणजे नियमांतील पळवाटांचा खेळ, ही ख्याती बऱ्याच अंशी या काळातील आहे.
- २००८ च्या चौथ्या आवृत्तीत दुसऱ्या क्लासची चव फीटमधून, म्हणजे निवडून घेण्याच्या विशेष कौशल्यातून, मिळे.
- २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मल्टिक्लास हा ऐच्छिक नियम आहे. डीएमने होय म्हटले तरच तो लागू होतो, आणि जुन्या व नव्या अशा दोन्ही क्लासांच्या मुख्य गुणांत किमान १३ असावे लागतात.
- २०२४ च्या सुधारित पुस्तकात प्रत्येक क्लासच्या वर्णनातच त्यात मागाहून येणाऱ्या पात्राला काय मिळते ते सांगितले आहे.

२०१४ आणि २०२४ ही पुस्तके एकत्र वापरणाऱ्या गटांनी विशेष जपावे. पॅलाडिन आणि रेंजर यांच्या निम्म्या लेव्हल मंत्रशक्तीसाठी मोजल्या जातात, पण विषम आकडा आल्यास २०१४ मध्ये तो खाली आणि २०२४ मध्ये वर पूर्ण केला जातो; अशा बारीक फरकांवरून भर बैठकीत वाद पेटतात. मल्टिक्लासपुरते एकच पुस्तक प्रमाण मानावे.

पाथफाइंडर या वेगळ्या भूमिकाखेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. तेथे पात्र आपल्या मूळ क्लासमध्येच वाढत राहते आणि दुसऱ्या लेव्हलपासून आपल्या क्लासच्या फीटच्या जागी दुसऱ्या क्लासची फीट घेऊ शकते, त्यामुळे मूळ वाढ खुंटत नाही. हा खेळ खेळणाऱ्या गटाने निर्धास्तपणे परवानगी द्यावी. पुढील विवेचन पाचव्या आवृत्तीला धरून आहे.

खेळाडूला काय गमवावे लागते

पाचव्या आवृत्तीतील क्लास एकसारख्या वेगाने बलवान होत नाहीत. त्यांच्या वाटेवर काही ठिकाणी मोठी उडी असते आणि सर्वांत मोठी उडी पाचव्या लेव्हलला आहे. फायटर, पॅलाडिन, रेंजर, बार्बेरियन आणि मंक यांना तेथे एका वेळी दोन वार करण्याची मुभा मिळते, तर विझार्ड, क्लेरिक, ड्रुइड यांना तिसऱ्या श्रेणीचे मंत्र मिळतात. (मंत्रांच्या पातळीलाही इंग्रजीत लेव्हलच म्हणतात, घोटाळा टाळण्यासाठी येथे श्रेणी हा शब्द वापरला आहे.) ही उडी एकूण लेव्हलवर मिळत नाही. ती त्या त्या क्लासच्या पाचव्या लेव्हललाच मिळते.

आता वर उल्लेखिलेले पात्र घ्यावे, ज्याच्या तीन लेव्हल फायटरच्या आणि दोन विझार्डच्या आहेत. त्याच्या शेजारी बसलेला निव्वळ फायटर प्रत्येक फेरीत दोनदा तलवार चालवतो, हे पात्र एकदाच चालवते. समोर बसलेली निव्वळ विझार्ड फायरबॉल टाकून आठ फाशांचे नुकसान एका दमात अनेक शत्रूंना करते, हे पात्र पहिल्या श्रेणीचे मंत्र आणि तेही दिवसात मोजक्याच वेळा टाकू शकते. शिवाय गुण वाढवण्याची किंवा फीट घेण्याची जी संधी इतरांना चौथ्या लेव्हलला मिळून गेली, ती याला मिळालेलीच नाही, कारण कोणत्याही एका क्लासमध्ये ते चौथ्या लेव्हलला पोहोचलेले नाही. फायटरच्या दुसऱ्या लेव्हलची अॅक्शन सर्ज ही क्षमता, जिच्यामुळे एका फेरीत एक जादा कृती करता येते, त्याच्याकडे आहे हे खरे. पण ती विश्रांतीपर्यंत एकदाच वापरता येते आणि शेजारच्या फायटरकडेही ती आहेच. असे पात्र घेऊन सहा-सात बैठका काढणारा उत्साही खेळाडू पुढे गप्प का होतो, याचे कारण डीएमने त्याच्या स्वभावात शोधू नये.

सगळेच गमावले जाते असे नाही. कौशल्यांना मिळणारा प्रोफिशियन्सी बोनस एकूण लेव्हलवर वाढतो आणि कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा वापरता येणारे छोटे मंत्र, तेही एकूण लेव्हलप्रमाणे बलवान होतात. परंतु पुढील चार ठिकाणी नवे खेळाडू हमखास फसतात:

- दोन वार बेरजेत वाढत नाहीत. फायटर पाच आणि रेंजर पाच असे पात्रही एका फेरीत दोनच वार करते.
- पहिला क्लास कोणता, याला महत्त्व आहे. संकटातून वाचण्याच्या फाशांवरचे, म्हणजे सेव्हिंग थ्रोचे, प्रावीण्य पहिल्याच क्लासचे मिळते, आणि नंतर घेतलेल्या क्लासकडून शस्त्र-चिलखतांचे प्रावीण्य अपुरे येते. मागाहून फायटर झालेल्याला जड चिलखत वापरता येत नाही.
- मंत्रांच्या संधी, म्हणजे मंत्र टाकण्याच्या मोजक्या वेळा, एकत्र होतात, मंत्र होत नाहीत. तीन लेव्हल क्लेरिक आणि दोन लेव्हल विझार्ड असलेल्या पात्राला पाचव्या लेव्हलच्या मांत्रिकाइतक्या संधी मिळतात, त्यांत तिसऱ्या श्रेणीच्या दोनही असतात, पण तिसऱ्या श्रेणीचा एकही मंत्र त्याला येत नसतो. त्या संधी खालचे मंत्र अधिक जोरात टाकण्यासाठीच वापराव्या लागतात.
- काही क्षमता एकमेकींना छेद देतात. बार्बेरियन रेजमध्ये, म्हणजे रणावेशात, असताना मंत्र टाकू शकत नाही, त्यामुळे बार्बेरियन-विझार्ड ही जोडी ऐकायला झकास आणि खेळायला त्रासाची असते.

डीएमने खेळाडूसोबत बसून पाचव्या, सहाव्या आणि आठव्या लेव्हलला पात्र कसे दिसेल, याचे तीन कोरे रकाने भरावेत. अर्ध्या तासाचे हे काम आहे आणि पुष्कळदा खेळाडू स्वतःच म्हणतो, की दुसरा क्लास सध्या नको, पाचव्या लेव्हलनंतर पाहू. तो सल्ला उत्तम आहे. मूळ क्लासची पाचवी लेव्हल गाठून मग वळलेले पात्र फारसे मागे पडत नाही.

खरोखर जड जाणाऱ्या जोड्या

अतिबलवान जोड्यांचा बोलबाला मोठा असला तरी त्यांची संख्या थोडी आहे, आणि त्या ओळखता आल्या तर संपूर्ण नियम बंद करण्याची गरज पडत नाही.

सर्वांत कुप्रसिद्ध जोडी वॉरलॉक आणि सॉर्सरर यांची. वॉरलॉक हा एखाद्या अलौकिक सत्तेशी करार करून जादू मिळवणारा क्लास आहे आणि त्याच्या मंत्रांच्या संधी तासाभराच्या छोट्या विश्रांतीनंतर परत येतात. सॉर्सरर आपल्या संधी मोडून जादूचे गुण करतो आणि त्या गुणांच्या पुन्हा संधी करतो. खेळाडूने रात्रीची झोप टाळून छोट्याच विश्रांत्या घेत राहायचे ठरवले, तर संधींचा साठा अमर्याद वाढतो. न झोपणाऱ्या या पात्राला कॉफीलॉक असे गमतीचे नाव आहे. उपायही सोपा आहे: पात्र चोवीस तास झोपले नाही, तर थकव्याचा नियम लावावा. २०१७ च्या झॅनाथार्स गाइड या पूरक पुस्तकात असा ऐच्छिक नियम दिलेला आहे.

त्याच पुस्तकातील हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा प्रकार करिश्मा या एकाच गुणावर शस्त्रही चालवू देतो, त्यामुळे पॅलाडिन, बार्ड आणि सॉर्सरर खेळणारे अनेकजण त्याची एकच लेव्हल घेऊन जातात. ही डिप रोखायची असल्यास करारामागची सत्ता आपली किंमत वसूल करते हे कथेत दाखवावे, किंवा हा प्रकार आपल्या टेबलावर नाही असे आरंभीच सांगावे. दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. पॅलाडिनच्या दैवी घावाची, म्हणजे मंत्राची संधी खर्चून वाराचे नुकसान वाढवण्याच्या क्षमतेची, तक्रार २०१४ च्या नियमांपुरती खरी आहे, कारण तेथे प्रत्येक लागलेल्या वाराबरोबर तो जोडता येतो आणि सॉर्सररच्या संधी मिळाल्या की तो फार वेळा जोडता येतो; २०२४ मध्ये त्याचा मंत्र करून एका फेरीत एकदाच अशी मर्यादा घातली आहे.

पहिली लेव्हल फायटरची घेऊन पुढे कायम विझार्ड राहणारे पात्र मात्र शांतपणे भक्कम निघते, कारण त्याला चिलखतही मिळते आणि मंत्र टिकवून धरण्यास लागणारे काटकपणाच्या सेव्हिंग थ्रोचे प्रावीण्यही मिळते. त्याची किंमत म्हणून प्रत्येक नवी मंत्रश्रेणी त्याला एक लेव्हल उशिरा येते. हा सौदा रास्त आहे, तो नाकारू नये.

दोन-तीनच खेळाडू असतील तर

नियमपुस्तकातील लढती साधारण चार-पाच पात्रे गृहीत धरतात, ज्यांत कोणी पुढे उभे राहते, कोणी उपचार करते, कोणी कुलूप उघडते आणि कोणी दुरून जादू करते. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, परीक्षेच्या काळात ब्रह्मपुरी किंवा गडचिरोलीला शिकणारा मित्र येत नाही, आणि टेबलावर डीएमखेरीज दोघेच उरतात. अशा गटात एका पात्राने दोन कामे सांभाळणे ही चैन राहत नाही. येथे बलवान पात्राची भीती तर निरर्थकच असते, कारण ज्याच्यावर कुरघोडी होईल असा तिसरा खेळाडूच हजर नसतो, आणि शत्रूंची संख्या ठरवणे डीएमच्या हातात असते.

तरीही मल्टिक्लासला हात घालण्यापूर्वी मुळातच मिश्र असलेले क्लास पाहावेत. पॅलाडिनला पहिल्या लेव्हलपासून हाताच्या स्पर्शाने उपचार करता येतो, रेंजरला शस्त्रांसोबत वनविद्या आणि उपचाराचे मंत्र मिळतात, आणि जंगलात घडणाऱ्या कथेत रेंजर कधीच रिकामा बसत नाही. रेंजर आणि क्लेरिक किंवा पॅलाडिन आणि रोग अशा दोन शुद्ध पात्रांवर पुष्कळ दूर जाता येते. त्यानंतरही उणीव राहिली, तर रोगने एक लेव्हल क्लेरिकची घ्यावी. दुरून उपचार करणारा एक छोटा मंत्र मिळाला तरी कोसळलेला सोबती उठून उभा राहतो, आणि दोघांच्या गटात त्यावरच सारे काही अवलंबून असते.

कथेतील कारण, आणि एक सावधगिरी

नवा क्लास घेण्यास कथेत कारण असावे, ही अट बहुतेक डीएम घालतात आणि ती योग्य आहे, मात्र ती शिक्षा म्हणून वापरू नये. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीत अशा कारणांची वाण नाही. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाचा त्वचारोग झरपट नदीच्या पाण्याने बरा झाला आणि तेथे पुढे चांदा नगर, म्हणजे आजचे चंद्रपूर, वसले, अशी दंतकथा आहे. काल्पनिक राज्यातील एखाद्या जखमी फायटरला असेच कुंड सापडले आणि तो क्लेरिकची पहिली लेव्हल घेऊन बाहेर आला, तर ते कोणालाही ओढूनताणून आणलेले वाटणार नाही. वैरागडसारख्या जंगलातील किल्ल्यावरचा पहारेकरी वाटा तुडवता तुडवता रेंजर होऊ शकतो, आणि मार्कंड्याच्या मंदिरांसारख्या नदीकाठच्या देवळांत जुने कोरीव लेख वाचणारी रोग विझार्ड होऊ शकते. कारण दोन-तीन बैठका आधी पेरले गेले पाहिजे एवढेच पाहावे. लढाई जिंकून लेव्हल वाढल्याच्या क्षणी सुचलेले कारण बहुधा आकड्यांसाठी सुचलेले असते.

सावधगिरी वॉरलॉक आणि क्लेरिक यांच्याबाबत आहे. या दोन जिल्ह्यांत जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झालेली आहे, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. त्यामुळे करार करून जादू मिळवणाऱ्या पात्रासाठी खरे गाव, खरी जात-जमात किंवा ओळखता येईल असा वैदू वापरणे हे खेळाच्या मर्यादेबाहेरचे आहे. माडिया समाजातील पेरमा किंवा गावचा पुजारी ही आजही जिवंत असलेली पदे आहेत, त्यांना क्लेरिकचे तयार सोंग करू नये, आणि त्या समाजातील कोणी टेबलावर नसताना तर मुळीच करू नये. राज्य, देवता आणि गावे यांना नवी नावे द्यावीत. ऐन, बिजा, मोहफुले आणि वाघ तसेच राहू द्यावेत.

मल्टिक्लासऐवजी काय देता येईल

खेळाडूची इच्छा अनेकदा यापेक्षा स्वस्तात पुरी होते. फायटरला थोडी जादू हवी असल्यास एल्ड्रिच नाइट आणि रोगला हवी असल्यास आर्केन ट्रिकस्टर हे उपप्रकार तिसऱ्या लेव्हललाच मिळतात, आणि त्यांत मूळ क्लासची वाढ थांबत नाही. मॅजिक इनिशिएट या फीटमधून कोणत्याही पात्राला दोन कॅन्ट्रिप आणि पहिल्या श्रेणीचा एक मंत्र मिळतो. दुसऱ्या क्लासचे केवळ वातावरण हवे असेल, तर वर्णन बदलावे: फायटरचा बाण मंतरलेला आहे असे खेळाडूने म्हणावे आणि फासे फायटरचेच टाकावेत. हा शेवटचा मार्ग फुकटचा असूनही डीएमना सर्वांत उशिरा सुचतो.

निर्णय कसा घ्यावा

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेते आणि अवघड विषयावर आधी अभ्यासगटात चर्चा होते, ही पद्धत चार जणांच्या टेबलालाही उपयोगी पडते. मतदान घेतले तर तिघे जिंकतात आणि चौथा रुसून खेळतो.

१. खेळ सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीत, जिला सेशन झिरो म्हणतात, कोणते पुस्तक प्रमाण आणि मल्टिक्लास आहे की नाही, हे ठरवून लिहून ठेवावे.

२. कथा किती लांब चालणार याचा अंदाज घ्यावा. उन्हाळी सुटीपुरती, पाचव्या लेव्हलला संपणारी कथा असेल तर मल्टिक्लासचा विषय तेथेच सोडावा, कारण त्याचे फळ मिळण्याआधीच कथा संपते.

३. परवानगी द्यायची असल्यास मर्यादा स्पष्ट असाव्यात. दोनच क्लास, मूळ क्लासची पाचवी लेव्हल झाल्यावर, आणि कथेत आधी पेरलेल्या कारणासह, या तीन अटी बहुतेक गटांना पुरतात.

४. मागणी करणाऱ्या खेळाडूने वर सांगितलेले तीन रकाने भरून आणावेत आणि इतरांनी ते पाहावेत. त्यातून कोणाच्या पात्राचे खास काम हिरावले जात असेल, तर त्याने तेव्हाच बोलावे. एकच रोग असलेल्या गटात दुसरा कोणी रोगची लेव्हल घेऊन कुलपे उघडू लागला, तर पहिल्याचा विरस आकड्यांत दिसत नाही.

कोणाला कोणता हक्क आहे

२०१४ च्या नियमांनुसार नकार देण्याचा अधिकार डीएमला आहे, आणि त्यासाठी त्याने अपराधी वाटून घेऊ नये. आपल्याला हा नियम अद्याप नीट येत नाही, हे कारणही पुरेसे आहे. परंतु एकदा दिलेली परवानगी पात्र बलवान निघाले म्हणून मध्येच काढून घेणे योग्य नाही. एखादी क्षमता खरोखर डोईजड झाली, तर खेळाडूशी बोलून ती पुढच्या लेव्हलपासून बदलावी आणि त्याच्या बदल्यात काहीतरी द्यावे.

खेळाडूला नियम आधी कळण्याचा आणि चुकलेली निवड एकदा दुरुस्त करून घेण्याचा हक्क असावा. विशेषतः ज्याने पहिल्यांदाच मल्टिक्लास घेतला आहे, त्याला पुढची लेव्हल येईपर्यंत दुसरा क्लास परत करून ती लेव्हल मूळ क्लासमध्ये लावण्याची सवलत द्यावी. इतरांचा हक्क वेळेचा आहे. दोन क्लासांची पाने चाळत प्रत्येक फेरीत पाच मिनिटे घेणाऱ्या खेळाडूला आपल्या क्षमता एका कागदावर लिहून आणण्यास सांगणे यात कोणाचाही अपमान नाही.

मराठी नियमपत्रक छापायचे असल्यास

इंटरनेट बेभरवशाचे आणि पुस्तक एकच असताना मल्टिक्लासचे नियम मराठीत दोन पानांवर छापून प्रत्येकाला देणे हा सर्वांत उपयुक्त उपाय आहे, आणि तो कायदेशीरही आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०२३ मध्ये सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ हा मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन ४.० या परवान्याखाली खुला केला आणि २०२५ मध्ये सुधारित नियमांवर आधारलेली ५.२ ही आवृत्तीही त्याच परवान्याखाली दिली. दोन्हींत मल्टिक्लासचे नियम आहेत. या परवान्यानुसार दस्तऐवजाचा अनुवाद करता येतो, तो छापता, वाटता आणि विकताही येतो; त्यासाठी मूळ दस्तऐवजाचे व प्रकाशकाचे नाव, परवान्याचे नाव आणि आपण बदल वा अनुवाद केला आहे ही नोंद द्यावी लागते, आणि प्रकाशकाची मान्यता असल्याचा भास निर्माण करता येत नाही.

प्लेयर्स हँडबुक किंवा झॅनाथार्स गाइड यांची स्कॅन केलेली पाने वाटण्यास मात्र हा परवाना लागू होत नाही. एल्ड्रिच नाइट, आर्केन ट्रिकस्टर आणि हेक्सब्लेड हे प्रकारही खुल्या दस्तऐवजात नाहीत, म्हणून पत्रकात त्यांचे नियम उतरवू नयेत. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याने ते बैठकीत वाचून दाखवावेत. पत्रक ५.१ वरून केले की ५.२ वरून, हे पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत लिहावे.